शांती करणे आणि गप्प बसणे

महिलांसाठी शास्त्रपाठ
वाचन : १ शमुवेल २५, फिलिप्पैकरांस पत्र ४:१-९, रोमकरांस पत्र १२:१७-२१



'ख्रिस्ती स्त्री आणि रोजच्या जीवनातील शांती' हा विषय आपल्या महिला मंडळांना नवा नाही. वर्षातून एकदा तरी तो होतोच. मीही तो बऱ्याच मंडळ्यांमध्ये ऐकला आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा शेवट एकाच वाक्यावर होतो : बाईने सोसावे, बाईने बोलू नये, म्हणजे घरात शांती राहते. बोलणारी बहीण हे मनापासून सांगते, ऐकणाऱ्या माना डोलावतात, चहा होतो आणि सगळ्या घरी जातात. या वेळी मात्र पवित्र शास्त्र उघडून, खरेच तिथे असे लिहिले आहे का, हे आपण एकत्र पाहू या. या पाठातले काही पुरुष वाचकांसाठीही आहे. त्यांनी पान उलटू नये.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण 'शांत' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. शाळेत बाई मुलांना 'शांत बसा' म्हणतात तेव्हा त्यांना फक्त आवाज बंद हवा असतो. आपल्या पवित्र शास्त्रात 'शांती' असे जे भाषांतर केले आहे, त्यामागचा इब्री शब्द 'शालोम' आहे, आणि त्याचा आवाजाशी फारसा संबंध नाही. जे पुरे आहे, जिथे काही कमी नाही, जिथे कोणाचे देणे बाकी नाही, ते शालोम. निर्गमाच्या २२व्या अध्यायात चोरलेल्या बैलाची, मेंढराची भरपाई कशी करावी याचे नियम आहेत. तिथे 'भरपाई करणे' यासाठी जे क्रियापद आहे ते याच धातूपासून आलेले आहे. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला लगेच वीटभट्टीवरचा हिशोब आठवला. ज्याचे त्याला मिळाले तर शालोम. एकाचे दुसऱ्याने दाबून ठेवले आणि दुसरा भीतीने गप्प बसला, तर तिथे आवाज नसेल, पण शालोमही नाही. यिर्मया संदेष्ट्याची तक्रार नेमकी हीच होती. सहाव्या अध्यायाचे चौदावे वचन काढून पाहा. जखम वरवर पुसून 'सगळे ठीक आहे' असे सांगणाऱ्यांवर तो रागावला आहे.

नव्या करारातही डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:९) प्रभू ज्यांना धन्य म्हणतो, ते शांती आवडणारे लोक नव्हेत. शांती कोणाला आवडत नाही? मूळ ग्रीक शब्दात 'करणे' हे क्रियापद जोडलेले आहे : शांती करणारे. पोळ्या कराव्या लागतात तशी शांती करावी लागते. पीठ मळावे लागते, हाताला चटका बसतो.

आता अबीगईलकडे येऊ. १ शमुवेलाचा २५वा अध्याय घरी सावकाश वाचा, कारण त्यात बारकावे फार आहेत.

नाबाल हा मावोनचा श्रीमंत माणूस. त्याची तीन हजार मेंढरे, एक हजार शेरडे. दावीद त्या वेळी रानात फिरत होता आणि त्याच्या माणसांनी नाबालाच्या मेंढपाळांना संरक्षण दिले होते. मेंढरे कातरण्याचा सण आला तेव्हा दावीदाने दहा तरुण पाठवून, हाताला येईल ते द्या, अशी विनंती केली. नाबालाने त्यांचा अपमान केला. दावीद भडकला. चारशे माणसे तलवारी बांधून निघाली, दोनशे सामानापाशी राहिली. घरातल्या एका चाकराने हे अबीगईलला सांगितले, आणि सांगताना हेही सुनावले की आपला धनी असा आहे की त्याच्याशी बोलायची सोय नाही. चाकर मालकिणीला असे बोलू शकतो, याचा अर्थ त्या घरातली परिस्थिती सगळ्यांना माहीत होती.

अबीगईलने काय केले? आपल्या मंडळांतल्या सल्ल्याप्रमाणे तिने आतल्या खोलीत जाऊन रडायला हवे होते. तिने दोनशे भाकरी, दोन बुधले द्राक्षारस, पाच मेंढरांचे तयार मांस, पाच मापे भाजलेले धान्य, खिसमिसाचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादल्या. चाकरांना पुढे पाठवले, आपण मागून निघाली. नवऱ्याला सांगितले नाही. डोंगराच्या आडवाटेला दावीद समोर आला तेव्हा ती गाढवावरून उतरली, पाया पडली आणि बोलली. या अध्यायात तिच्याइतके लांब भाषण दुसऱ्या कोणाचे नाही. ती नवऱ्याचा मूर्खपणा झाकत नाही. दावीदाचा राग योग्य आहे असेही म्हणत नाही. उद्या तू राजा होशील तेव्हा निष्कारण सांडलेल्या रक्ताचे ओझे तुझ्या मनावर नको, हे तिचे म्हणणे. म्हणजे तिने एकाच वेळी आपल्या घरातली माणसे वाचवली आणि समोरच्या तलवारवाल्यालाही एका पापातून वाचवले. दावीदाने परमेश्वराचे आभार मानले आणि तिच्या शहाणपणाचेही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ती घरी आली तेव्हा नाबाल राजासारखी मेजवानी करून तर्र झाला होता. त्या रात्री ती त्याला एक अक्षर बोलली नाही. सकाळी द्राक्षारस उतरल्यावर सगळे सांगितले. लपवले नाही, खोटे बोलली नाही, वेळ निवडली. वाडीवरच्या बायकांच्या प्रार्थनासभेत मी हा भाग वाचला की त्या एकमेकींकडे बघून हसतात. नवरा पिऊन आलेला असताना हिशोब विचारायचा नसतो, सकाळी विचारायचा, हे त्यांना कोणत्याही पदविकेवाचून माहीत असते. त्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "ही बाई आमच्यातलीच दिसते."

या म्हातारीच्या वाडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्यापैकी पुष्कळांनी देणगी दिली आहे पण वाडी पाहिलेली नाही. मी राहते विश्रांतवाडीत. आठवड्यातून दोन दिवस मुळशी आणि मावळ तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर जाते. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेक कुटुंबांकडे स्वतःची जमीन नाही. पावसाळ्यात हाती पैसा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून 'उचल' घेतली जाते. दिवाळी झाली की सगळे कुटुंब भट्टीवर जाते, ते पाऊस तोंडावर आल्यावर परत येते. मधल्या काळात दर आठवड्याला धान्यापुरती 'खर्ची' मिळते. विटा नवरा-बायको दोघे मिळून पाडतात, माती पोरेही तुडवतात, पण हंगामाच्या शेवटी हिशोब होतो तो पुरुषाशी, आणि पैसे उरलेच तर त्याच्याच हातात पडतात. कधी उरतच नाहीत. उचलीची बाकी पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. माझे वय त्याहून थोडे कमी आहे, आणि तरी मला हे दर उन्हाळ्यात दिसते.

एका हंगामानंतरची गोष्ट सांगते. बाईचे नाव आणि वाडी सांगत नाही. ती उपासनेला येणारी, नवरा न येणारा. हिशोबाचे जे थोडे पैसे मिळाले ते त्याने चार दिवसांत दारूत घातले. तिने विचारले म्हणून तिला लाकडाने मारले. मी गेले तेव्हा मनगट सुजून टम्म झाले होते. आधी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. परत येताना जीपमध्ये तिने मला विचारले, "ताई, तक्रार दिली तर पाप लागंल का? मावशी म्हणली, प्रभूनं वधस्तंभावर सोसलं, तू एवढं सोस."

त्या मावशीवर मी रागावले नाही. तिने स्वतः आयुष्यभर तेच सोसले आहे आणि तिला कोणी दुसरे काही सांगितलेच नव्हते. पण हा प्रश्न साधा नाही, आणि आपल्या शहरातल्या मंडळ्यांतही तो विचारला जातो, फक्त जरा बऱ्या साडीतून. म्हणून इथे थांबून नीट पाहू.

प्रभूने वधस्तंभ सोसला तो आपण होऊन. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी होऊन तो देतो. आणि त्याच योहानाच्या अठराव्या अध्यायात, महायाजकापुढे शिपायाने त्याला चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. माझे काय चुकले ते दाखव, नसेल चुकले तर का मारतोस, असे त्याने त्या शिपायाला विचारले. पौलाला फिलिप्पैत बेकायदा फटके मारून गुपचूप सोडू लागले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असे त्याने सांगितले (प्रेषितांची कृत्ये १६). सूड न घेणे आणि अन्यायाला अन्याय न म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सूड देवावर सोडायला सांगतो, आणि लगेच तेराव्या अध्यायात म्हणतो की वाईट करणाऱ्याला आवरण्यासाठी देवाने अधिकारी नेमले आहेत. अध्यायांचे आकडे नंतर घातलेले आहेत. पत्र एकच आहे, सलग आहे.

त्याच बाराव्या अध्यायातले अठरावे वचन आपण पाठ करतो, पण घाईत करतो. सर्वांबरोबर शांतीने राहा, एवढेच आपल्या लक्षात राहते. पौलाने त्याला दोन अटी जोडल्या आहेत : शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. म्हणजे कधी कधी ते शक्य नसते, हे पौलाला माहीत होते. आणि दुसऱ्याच्या वाट्याचे काम आपल्या गळ्यात बांधून घ्यायचे नाही, हेही त्यात आले. त्या बाईकडून जे होण्यासारखे होते ते तिने केले होते. विटा पाडल्या होत्या, पोरे सांभाळली होती, सकाळी, शुद्धीवर असताना, विचारले होते. लाकूड तिने उचलले नव्हते.

मी तिला सांगितले, पाप लागत नाही. मग आम्ही कायद्याचे बोललो, कारण नुसत्या वचनाने मनगट बरे होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा आहे. तो २००६च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. मार थांबवण्याचा आदेश मिळू शकतो, आणि बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, मग घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या. तातडीच्या वेळी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जमातीच्या कोणालाही, वकील फुकट मिळतो; त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. वाचक भगिनींनो, हे क्रमांक तुमच्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. स्वतःला नाही लागले तर शेजारणीला लागतील.

पुढे काय झाले ते सांगते, पण साक्षीच्या सभेत शोभेल असे ते नाही. तिने तक्रार दिली. नवऱ्याला बोलावणे आले, समज मिळाली, तो महिनाभर बहिणीकडे जाऊन राहिला. परत आला. दारू सुटलेली नाही. हात उचलणे थांबले आहे, आतापर्यंत तरी. रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक आता तिच्याकडे असते, आणि पुढच्या हंगामाची उचल घ्यायची का, हे ठरवताना ती समोर बसली. मावशी तिच्याशी दोन आठवडे बोलत नव्हती. आता बोलते. अबीगईलच्या नवऱ्याचे काळीज दगडासारखे झाले आणि दहा दिवसांनी तो मेला, असे शास्त्र सांगते. वाडीवर असे होत नाही, आणि त्याची वाट पाहावी असेही मी कोणाला सुचवत नाही.

आता शहराकडे येऊ, नाहीतर वाचकांना वाटेल की भांडणे फक्त दारूवाल्यांच्या घरी असतात.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले सहावे-सातवे वचन आपल्या किती घरांच्या भिंतीवर आहे! कशाची काळजी करू नका, प्रार्थना करा, मग समजुतीपलीकडची देवाची शांती तुमच्या मनाला राखील, या अर्थाचे ते वचन. कॅलेंडरवर असते, लग्नाच्या पत्रिकेवर असते. पण त्याच अध्यायाचे दुसरे वचन मी अजून कोणत्याही कॅलेंडरवर पाहिलेले नाही. तिथे दोन बायकांचे भांडण आहे. युवदीया आणि सुंतुखे. पौल दोघींना नावाने विनंती करतो की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. ते पत्र भर मंडळीत मोठ्याने वाचले गेले असणार, आणि त्या दोघी तिथेच बसलेल्या असणार. कल्पना करा, आपल्या पाळकसाहेबांनी उपासनेत अशी दोन नावे वाचली तर!

भांडण कशावरून होते ते पौल सांगत नाही. कोणाचे बरोबर, तेही सांगत नाही. या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर झुंज दिली आहे, हे मात्र आवर्जून लिहितो. म्हणजे या रिकामटेकड्या बायका नव्हत्या. कामाच्या, कर्तबगार होत्या. भांडणे बहुधा अशांचीच होतात. आमच्या भागातल्या एका महिला मंडळात नाताळच्या खाऊच्या वर्गणीवरून दोन भगिनी वर्षभर एकमेकींकडे पाठ करून बसत होत्या. रक्कम चारशे रुपये. दोघीही कोणाच्या घरी मयत झाली तर पहिल्या धावणाऱ्या. पण चारशे रुपयांचा हिशोब वहीत मांडायला कोणी तयार नव्हते, कारण 'देवाच्या घरात हिशोब कसला मागायचा'. शेवटी एका तिसऱ्या बाईने दोघींना आपल्या घरी जेवायला बोलावले, वही समोर ठेवली, पावत्या लावल्या. खाऊवाल्याने एक पावती दोनदा दिली होती. एवढेच निघाले. पौलसुद्धा तिसऱ्या माणसाला सांगतो : माझ्या खऱ्या सोबत्या, तू या दोघींना मदत कर. भांडणात तिसऱ्याचे काम म्हणजे कोणा एकीचे ऐकून दुसरीला व्हॉट्सॲपवर कळवणे नव्हे. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी दोघींनी एकांतात बोलावे. ते जमले नाही तर तिसऱ्याने वही आणि जेवण, दोन्ही घेऊन मध्ये बसावे.

तर त्या प्रसिद्ध शांतीच्या वचनाला ही पार्श्वभूमी आहे. आणि तिथला 'राखील' हा शब्दही शांत बसणाऱ्याचा नाही. मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्यासाठी वापरला जाई. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त सैनिकांना वसवलेली. त्यांना तो शब्द लगेच कळला असेल. आपल्यालाही कळावा. विश्रांतवाडीहून दिघीकडे जा नाहीतर खडकीकडे, लष्कराच्या फाटकावर जवान उभा दिसतोच. तो झोपलेला नसतो. कोण आत येते, कोण जाते, हे पाहत असतो. देवाची शांती मनावर असा पहारा करते, असे पौलाचे म्हणणे. सोसायटीत टँकरच्या पाण्यावरून कोणी टाकून बोलले, ते वाक्य मनाच्या फाटकावर येते. त्याला आत घेऊन चहा पाजायचा की तिथूनच परत पाठवायचे, हे पहारेकऱ्याने ठरवायचे आहे. माझा एक साधा नियम आहे : रात्री नऊनंतर रागाच्या कोणत्याही मेसेजला उत्तर द्यायचे नाही. अबीगईलची सकाळ मला पुष्कळदा उपयोगी पडली आहे. सासूबाई म्हणतात, ही हल्ली रात्री भांडतच नाही, मजाच गेली.

सासूबाईंवरून लक्ष्मीबाई टिळकांकडे वळते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपण दर रविवारी गातो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मात्र नव्या पिढीच्या घरात क्वचित दिसतात. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी घ्यावीत. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही मुलगी. वडिलांच्या कडक सोवळ्याने घर जेरीस आलेले. लहानपणी लग्न, नवरा प्रतिभावान, उदार आणि तापट. घरातले पैसे कोणाच्या हातावर ठेवील याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. मुलगा लहान. पुढची सुमारे पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. मग त्या टिळकांकडे आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे, आपले वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक घेऊन. टिळकांनी बळजबरी केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, सोवळे स्वतःच्या हाताने सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

या घरात शांती होती का? पुस्तक वाचणाऱ्याला दिसते की दोघे भांडत, रुसत, लक्ष्मीबाई उलट उत्तर देत, आणि पुढच्याच पानावर दोघे हसत. बाईंनी स्वतःचे मत कधी गिळलेले दिसत नाही. तरी ते घर मोडले नाही. उलट परक्यांची मुले त्यात वाढली. १९१९ साली टिळक गेले, त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले. माझ्या मते या संसाराचे मर्म त्या वेगळ्या पाण्याच्या घागरीत आहे. नवऱ्याने बायकोच्या मनाला वेळ दिला. बायकोने नवऱ्याला सोडले नाही, आणि त्याच्यासाठी खोटे खोटे बदललीही नाही. पुरुष वाचकांसाठी म्हटले होते, ते हे.

पंडिता रमाबाईंचे नाव अशा पाठात येतेच, म्हणून एकच गोष्ट सांगते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि राज्य इंग्रजांचे, म्हणजे रमाबाईंच्या धर्माचे. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी पाहिली आणि वर्तमानपत्रातून उघड लिहिली. सरकारला ते रुचले नाही. गप्प राहिल्या असत्या तर केडगावच्या कामाला ते सोयीचेच झाले असते.

आता एक अडचणीचा प्रश्न. उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात इसहाक विहिरी खणतो आणि गरारचे लोक भांडायला येतात. पहिली विहीर त्यांनी घेतली, तिचे नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरीही घेतली, ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवरून कोणी भांडले नाही, ती रहोबोथ, ऐसपैस जागा. या भागावरून आपण शिकवतो की सोडून द्यावे, पुढे जावे. बरोबर आहे, पण इसहाकाकडे कळप होते, चाकर होते, पुढे जायला रान होते. ज्या वाडीला एकच हातपंप आहे, आणि तोही गावाच्या हद्दीत, तिथल्या बाईला पुढे जायला रान कुठले? तिला 'इसहाकासारखी हो' असे सांगण्याआधी आपण तिच्यासाठी दुसरी विहीर खणायला तयार आहोत का, हे पाहावे. माझ्या मते ज्याच्याकडे जास्त आहे त्याने सोडावे, हा त्या अध्यायाचा धडा आहे. विश्रांतवाडीतल्या पार्किंगच्या जागेला तो लागू पडतो, वाडीवरच्या पाण्याला नाही.

महिला मंडळात चर्चेसाठी असे घेता येईल. अबीगईलने नवऱ्याला आधी सांगितले नाही, नंतर सांगितले. यातला फरक तुम्हाला कसा वाटतो? आपल्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे असतील तर, नावे न घेता, तिसरीचे काम कोण करू शकेल? एखादी बहीण मार खाऊन आली तर आपण पहिले वाक्य काय बोलू? तिसऱ्या प्रश्नावर घाई करू नये. प्रत्येकीने ते वाक्य खरोखर म्हणून दाखवावे.

प्रार्थनेसाठी विषय : दिवाळीनंतर भट्टीवर जाणारी कुटुंबे, आणि त्यांच्यासोबत जाऊ नयेत म्हणून वाडीवर आजीजवळ ठेवलेली शाळकरी मुले. या मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय अजून पूर्ण झालेली नाही. ज्या बहिणीची गोष्ट वर आली तिचे मनगट थंडीत दुखते, तरी तिला कामावर जावे लागते. तिच्या नवऱ्याने व्यसनमुक्ती केंद्रात जायला एकदा होकार दिला होता, मग तो फिरला. त्याच्यासाठीही, नाव न घेता, प्रार्थना करावी. वाडीवर तांदूळ, तूरडाळ आणि लहान मुलांचे स्वेटर हवे आहेत. जुने स्वेटर चालतील, फक्त धुऊन द्यावेत.